गैरहजर पॅकेजचा पंचनामा

लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत काम करणाऱ्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा एका संदेशाला तोंड द्यावेच लागते, आणि तो म्हणजे अमुक नावाची फाइल सापडली नाही, हा. या संदेशाविषयी प्रथम नोंदवण्याजोगी गोष्ट अशी की तो खोटा कधीच नसतो, मात्र सांगतो फार थोडे. यंत्राने शोध कोणकोणत्या ठिकाणी घेतला, कोणत्या नावाने घेतला, ती फाइल मुळात मागितली कोणी, यांपैकी काहीही त्या एका ओळीत नसते. भिगवण, इंदापूर, बारामती या पट्ट्यात अभियांत्रिकीचे प्रकल्प-अहवाल आणि विज्ञानशाखांचे प्रबंध मांडून देण्याच्या कामात जे वावरतात, त्यांचा बराच वेळ या ओळीने न सांगितलेले काढून घेण्यात जातो. आणि ते काढून न घेता जो थेट काहीतरी बसवायला धावतो, त्याचे काम दुप्पट होते, असा या कामातला सार्वत्रिक अनुभव आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट केलेल्या बऱ्या. टेक ही प्रणाली डोनाल्ड क्नुथ या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये निर्माण केली, कारण स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून त्यांचे समाधान झाले नव्हते; पुढे 1980 च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर सामान्य लेखकाला पेलतील अशा आज्ञांचा थर चढवला आणि तो लाटेक या नावाने रूढ झाला. यात लेखक मजकूर आणि आज्ञा साध्या अक्षरांत लिहितो, त्या लिखाणावर प्रक्रिया होते, म्हणजे ते कंपाइल होते, आणि त्यातून पीडीएफ तयार होते. लाटेकचा गाभा लहान आहे. रंग, लांब तक्ते, आकृत्या, मोजमापाची एकके, संदर्भसूची, देवनागरी लिपी यांच्यासाठीच्या आज्ञा वेगळ्या फाइलींत असतात आणि त्यांच्या नावामागे एसटीवाय हे शेपूट असते. अशा एका किंवा अनेक फाइलींच्या गठ्ठ्याला पॅकेज म्हणतात. ते लेखनाच्या आरंभीच्या भागात, ज्याला प्रिअँबल म्हणण्याची रीत आहे तेथे, ‘यूजपॅकेज’ या आज्ञेने मागवावे लागते. अशी हजारो पॅकेजे सीटॅन या 1992 पासून चालू असलेल्या सार्वजनिक भांडारात ठेवलेली आहेत, आणि त्यांतून निवडून, एकत्र बांधून, संगणकावर बसवता येईल असा जो संच दिला जातो त्याला वितरण म्हणतात. टेक लाइव्ह आणि मिकटेक ही त्यांतली दोन सर्वाधिक प्रचलित. ज्या खिडकीत प्रत्यक्ष टंकन होते ते टेकस्टुडिओ, टेकवर्क्स, टेकमेकर हे यांहून निराळे, निव्वळ एडिटर होत.

भिगवण हे पुणे-सोलापूर महामार्गावरचे, इंदापूर तालुक्यातले गाव बाहेरच्यांना ठाऊक असते ते उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे, मासळीच्या बाजारामुळे आणि बल्लारपूर इंडस्ट्रीजच्या नावाने परिचित झालेल्या कागद कारखान्यामुळे. छपाईचा गुळगुळीत कोटेड कागद जिथे तयार होतो, तिथे त्या कागदावर अक्षरे नीट बसवणारी साधने मात्र दूरच्या सर्व्हरवरून उतरवून घ्यावी लागतात, ही गंमत नोंदवून पुढे गेलेले बरे. अशा निमशहरी भागांतली डीटीपीची दुकाने पेजमेकर, कोरलड्रॉ आणि पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी यांच्यावर उभी राहिली. लग्नपत्रिका, हँडबिले, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल ही त्यांची रोजची कामे. लाटेक तेथे येते ते गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून: कधी बारामतीला किंवा माळेगावला अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलाचा आयट्रिपलईच्या साच्यातला अहवाल, तर कधी उजनीच्या पाणथळीतील चक्रवाक, पट्टकादंब यांच्या नोंदींचे पानोपानी चालणारे तक्ते. म्हणजे लेखन होते एका संगणकावर, दुरुस्ती दुसऱ्यावर आणि अखेरची पीडीएफ तिसऱ्यावर. पेनड्राइव्हमधून लेखकाची फाइल प्रवास करते, पॅकेजे करत नाहीत. गैरहजर पॅकेजच्या बहुतेक तक्रारींचे मूळ एवढ्यात आहे.

सर्वांत बाळबोध, पण सर्वांत अधिक वेळ खाणारा घोटाळा एडिटर आणि वितरण यांच्यात होतो. टेकस्टुडिओ बसवला की लाटेक बसले, अशी नवख्याची समजूत असते, कारण बाकीच्या सॉफ्टवेअरांत लिहिण्याची खिडकी आणि काम करणारे यंत्र एकच असते. टेकस्टुडिओच्या हिरव्या बाणावर टिचकी मारली की तो फक्त ‘पीडीएफलाटेक’ नावाच्या दुसऱ्या प्रोग्रामला हाक मारतो, आणि तो प्रोग्रामच संगणकावर नसेल तर आज्ञा सुरू करता आली नाही, असे सांगतो. ही पॅकेजची गैरहजेरी नव्हे, सगळ्या वितरणाचीच आहे. याचाच सूक्ष्म प्रकार लिनक्सवर भेटतो. उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातून आलेले टेक लाइव्ह आणि मूळ संकेतस्थळावरून उतरवलेले टेक लाइव्ह अशी दोन बिऱ्हाडे एकाच संगणकावर नांदत असतात. टर्मिनल एकाला ओळखते, मेनूतून उघडलेला एडिटर दुसऱ्याला, आणि मग पॅकेज टर्मिनलमध्ये सापडते व एडिटरमध्ये सापडत नाही, असा चक्रावून टाकणारा प्रकार घडतो. त्यावर इलाज एकच, तो म्हणजे एडिटरच्या सेटिंगमध्ये कोणत्या जागेचा पीडीएफलाटेक लिहिलेला आहे ते डोळ्यांनी पाहणे.

वितरण ठीक असेल आणि तरीही चूक आली, तर तिच्याकडे जवळून पाहावे लागते. समजा, पाण्याचे तापमान आणि क्षारता यांच्या नोंदी असलेल्या प्रबंधात एककांसाठी ‘एसआययूनिटएक्स’ हे पॅकेज मागितलेले आहे. कंपाइल करताच खालच्या पट्टीत उद्गारचिन्हाने सुरू होणारी ओळ येते की एसआययूनिटएक्स या नावाची एसटीवाय फाइल सापडली नाही. तिच्याखाली आणखी एक ओळ असते, जी बहुतेकजण वाचतच नाहीत, आणि तिचा आशय असा की थांबायचे असल्यास एक्स दाबा, पुढे जायचे असल्यास रिटर्न दाबा, अन्यथा फाइलीचे दुसरे नाव द्या. टेकवर्क्समध्ये यावेळी तळाशी लिहिण्याची एक बारीक चौकट उघडते आणि यंत्र उत्तराची वाट पाहत थांबते. ज्याला हे ठाऊक नाही त्याला संगणक अडकल्यासारखा वाटतो. मग एंटरची कळ पुन्हापुन्हा दाबली जाते, यंत्र ‘पुढे जा’ असा अर्थ घेऊन त्या पॅकेजवाचूनच पुढे सरकते, आणि प्रबंधात जिथे जिथे अंश सेल्सिअस किंवा मिलिग्रॅम प्रतिलिटर लिहिण्यासाठी त्या पॅकेजची आज्ञा वापरली असेल तिथे तिथे ‘अनडिफाइन्ड कंट्रोल सीक्वेन्स’, म्हणजे अनोळखी आज्ञा, अशी नवी तक्रार उमटत जाते. दोनशे ओळींच्या तक्त्यात ती दोनशे वेळा उमटते. दुकानात येणारा विद्यार्थी या शेवटच्या दोनशे चुका दाखवतो. खरी चूक त्यांच्या वर, कुठेतरी पहिल्याच पानाच्या आरंभी पडलेली असते. लाटेकमध्ये चुका नेहमी वरून वाचायच्या आणि पहिली मिटल्याखेरीज दुसरीकडे पाहायचे नाही, हा दंडक यामुळे पडला. तळाच्या चौकटीत एक्स लिहून थांबणे हे या प्रसंगी पळपुटेपणाचे नसून शहाणपणाचे असते.

पॅकेज मागवणाऱ्या ओळीपुढे टक्क्याचे चिन्ह टाकून ती निष्क्रिय करणे, हा दुसरा लोकप्रिय उपाय. चूक तात्पुरती नाहीशी होते खरी, पण ती गेलेली नसते, बरीच पुढे सरकलेली असते. आणि चौदाव्या ओळीवर नाव सांगून उभी असलेली अडचण चारशे बाराव्या ओळीवर निनावी होऊन बसते. हा उपाय फक्त एकाच परिस्थितीत बरोबर ठरतो, ती म्हणजे त्या पॅकेजची गरजच नसताना. आणि ही परिस्थिती वाटते तितकी दुर्मीळ नाही, हे पुढे येईल.

चूक आल्यावर एडिटरच्या पट्टीवर विसंबण्याऐवजी लॉग फाइल उघडावी. लॉग फाइल म्हणजे कंपाइल होताना यंत्राने स्वतः ठेवलेला रोजनामा, जो लेखकाच्या फाइलीच्याच फोल्डरात, त्याच नावाने, मागे लॉग असे शेपूट लावून पडलेला असतो. तिच्यात यंत्र प्रत्येक फाइल उघडताना गोल कंस उघडते आणि ती वाचून संपली की कंस मिटवते. त्यामुळे चुकीच्या ओळीच्या वर जाऊन, जो कंस उघडला पण मिटलेला नाही तो शोधला की गैरहजर फाइल कोणी मागितली ते कळते. हे अगदी उपयोगाचे आहे, कारण कित्येकदा ती फाइल लेखकाने मागितलेलीच नसते. परिशिष्टात संज्ञांची यादी देण्यासाठी ‘ग्लॉसरीज’ हे पॅकेज घेतले की ते आपण होऊन ‘एमफर्स्टयूसी’, ‘एक्सफॉर’, ‘डेटाटूल’ यांना बोलावते. लेखकाच्या प्रिअँबलमध्ये यांपैकी एकाचेही नाव नसते आणि चूक मात्र त्यांच्याच नावाने येते. लॉग वाचताना एक अडचण ध्यानात ठेवावी. यंत्र लांब ओळी सुमारे 79 अक्षरांवर मोडते, शब्दाची पर्वा न करता, त्यामुळे फाइलीचे नाव दोन ओळींत चिरलेले असू शकते आणि एडिटरच्या शोधपट्टीत ते टाकले तर सापडत नाही. डोळ्यांनीच वाचलेले बरे.

काय मागितले आणि कोणी मागितले हे कळल्यावर तिसरा प्रश्न नावाचा. गावात माणूस ज्या नावाने ओळखला जातो ते एक, आणि सातबाऱ्यावर असते ते दुसरेच. पॅकेजांचेही तसेच आहे. आकृत्या काढण्यासाठी सगळे जग ज्याला ‘टिकझेड’ म्हणते त्याची फाइल त्या नावाची असली तरी भांडारात ती ‘पीजीएफ’ या पॅकेजमध्ये नांदते, त्यामुळे टिकझेड नावाने मागणी केली की असे पॅकेज भांडारात नाही, असे उत्तर मिळते आणि मागणारा गोंधळून जातो. ‘ग्राफिक्सएक्स’ ही फाइल ‘ग्राफिक्स’ या पॅकेजमध्ये आहे; ‘लाँगटेबल’, ‘मल्टिकॉल’, ‘टॅब्युलरएक्स’ ही मंडळी ‘टूल्स’ या नावाखाली; आणि अल्गोरिदम लिहिण्यासाठी वापरली जाणारी ‘एएलजीस्यूडोकोड’ ही ‘अल्गोरिदमिकएक्स’ मध्ये. उबुंटूवर याच्यावर आणखी एक पदर चढतो, कारण तेथे पॅकेजे सुटी मिळत नाहीत, मोठ्या गठ्ठ्यांत मिळतात: एसआययूनिटएक्स हवे तर टेक लाइव्हचा ‘सायन्स’ गठ्ठा घ्यावा लागतो, आयट्रिपलईचा साचा ‘पब्लिशर्स’ मध्ये असतो आणि संदर्भसूचीचे ‘बिबलाटेक’ हे ‘बिबटेक-एक्स्ट्रा’ मध्ये, त्यातही त्याचा जोडीदार ‘बायबर’ हा स्वतंत्रच. टेक लाइव्हच्या व्यवस्थापकात, ज्याचे नाव ‘टीएलएमजीआर’ असे आहे, पॅकेजऐवजी फाइलीच्या नावाने सगळ्या भांडारात शोध घेण्याची सोय आहे. ती माहीत नसल्याने लोक अंदाजाने नावे टाकत बसतात.

येथे जाळ्याचा, म्हणजे इंटरनेटचा, प्रश्न येतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पॅकेजे एकेक उतरवत बसण्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना ठाऊक आहे की एक बसवले की दुसरे मागते, दुसरे बसवले की तिसरे, आणि मध्येच वीज गेली की अर्धवट उतरलेल्या पॅकेजचे काय करायचे हा नवा प्रश्न उभा राहतो. आटोपशीर वितरण घ्यावे आणि लागेल तसे वाढवावे, हा सल्ला ज्या शहरांत जाळे चोवीस तास अखंड असते तेथे रास्त आहे. इंदापूर तालुक्यातल्या दुकानाला तो लागू पडत नाही. टेक लाइव्हचा संपूर्ण संच काही जीबींचा आहे, तो एका डिस्क-प्रतिमेच्या रूपात मोफत मिळतो, बारामतीत किंवा पुण्यात चांगल्या जोडणीवर एकदाच उतरवून पेनड्राइव्हवर आणता येतो, आणि जाळ्याचा संबंध न येता बसवता येतो. डिस्कवरची जागा आता स्वस्त आहे. परीक्षेच्या आदल्या रात्रीचा वेळ नाही. संपूर्ण संच बसवलेल्या संगणकावर गैरहजर पॅकेजची तक्रार क्वचितच येते, आणि आली तर ती बहुधा नावाची, जागेची किंवा काळाची असते.

मिकटेक हे विंडोजवर अधिक चालणारे वितरण या बाबतीत वेगळ्या वाटेने जाते. कंपाइल होत असताना एखादे पॅकेज नसेल तर ते तेथल्या तेथे उतरवून घेण्याची त्यात सोय आहे, आणि ती ‘नेहमी’, ‘विचारून’ किंवा ‘कधीच नाही’ अशा तीन तऱ्हांनी ठेवता येते. सोय उत्तम, पण ती चालायला जाळे लागते आणि अधिकारही लागतो. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत विद्यार्थ्याच्या खात्याला काही बसवण्याची परवानगी नसते, जाळे प्रॉक्सी नावाच्या मध्यस्थ सर्व्हरमधून येते आणि त्याचा पत्ता मिकटेकला कोणी सांगितलेला नसतो. परिणामी जे पॅकेज घरच्या लॅपटॉपवर मागितल्याबरोबर हजर झाले होते ते प्रयोगशाळेत सापडत नाही, आणि विद्यार्थी आपल्याच लिखाणात दोष शोधत राहतो. त्यात मिकटेक प्रशासकाच्या नावाने बसवलेली पॅकेजे आणि साध्या वापरकर्त्याच्या नावाने बसवलेली पॅकेजे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवते, दोन्हींची अद्ययावतता वेगवेगळी राहू शकते, आणि एका बाजूचे नवे पॅकेज दुसऱ्या बाजूच्या जुन्या पॅकेजशी जुळत नाही. मिकटेकच्या कन्सोलमध्ये दोन्ही बाजूंनी अद्ययावत करून घेणे, हा त्यावरचा पहिला उपाय, आणि बहुतेकदा तोच शेवटचा.

काळाची अडचण टेक लाइव्हमध्ये ठळक दिसते. या वितरणाची दरवर्षी नवी आवृत्ती निघते आणि मागच्या वर्षीची गोठवली जाते. ज्या संगणकावर 2019 ची आवृत्ती बसवलेली आहे त्यावर आज टीएलएमजीआरने एखादे पॅकेज मागितले, तर स्थानिक आवृत्ती दूरच्या भांडाराहून जुनी आहे, असे सांगून तो काम नाकारतो. यात बिघाड काहीही नसतो. नव्या पॅकेजांना नवा गाभा लागतो, तो नसताना ती बसवली तर चालत असलेलेही बंद पडेल, म्हणून ही अडवणूक केलेली आहे. अशा वेळी दोनच मार्ग उरतात: नवी आवृत्ती बसवणे, किंवा अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या सर्व्हरवर जतन केलेल्या जुन्या आवृत्त्यांच्या साठ्याकडे व्यवस्थापकाचे तोंड वळवणे. जुना संगणक, जुनी विंडोज आणि छापण्याची घाई असेल तेव्हा दुसरा मार्ग कामाला येतो, आणि तो फारच थोड्यांना माहीत आहे.

घाईत केला जाणारा आणखी एक उपाय असा की हवी ती फाइल कोठून तरी मिळवून थेट प्रबंधाच्या फोल्डरात टाकायची. हा उपाय चालतो, कारण यंत्र शोधाला सुरुवात करते तीच मुळी लेखकाच्या फोल्डरापासून. मात्र सीटॅनवरून उतरवलेल्या पुष्कळ गठ्ठ्यांत एसटीवाय फाइल तयार नसतेच; असते ती डीटीएक्स आणि आयएनएस अशा दोन शेपटांची जोडी. पहिलीत पॅकेजचा मजकूर आणि त्याचे स्पष्टीकरण एकत्र गुंफलेले असते, तर दुसरी लाटेकवर चालवली की पहिलीतून एसटीवाय वेगळी काढली जाते. गठ्ठा उलगडला, फोल्डरात टाकला, तरी सापडत नाही म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी आयएनएस चालवलेली नसते. दुसरा धोका उशिरा कळतो. फोल्डरात टाकलेली ती प्रत तेथेच राहते, वर्षभराने वितरणात त्या पॅकेजची सुधारलेली आवृत्ती येते, पण यंत्राला घरातली जुनी प्रत आधी दिसते आणि ते तीच उचलते. मग जी नवी आज्ञा पुस्तिकेत छापलेली आहे ती चालत नाही. म्हणून सुट्या फाइली ठेवायच्याच असतील तर प्रबंधाच्या फोल्डरात न ठेवता वापरकर्त्याच्या खात्यातील ‘टेकएमएफ’ नावाच्या राखीव फोल्डरात, ठरलेल्या क्रमाच्या उपफोल्डरांत ठेवाव्यात. सगळ्या संगणकासाठी सामाईक असलेल्या जागी ठेवल्या तर ‘टेकहॅश’ ही आज्ञा चालवावी लागते, कारण तेथे यंत्र प्रत्येक वेळी फोल्डर धुंडाळत नाही, आधी करून ठेवलेल्या नावांच्या यादीत पाहते आणि यादीत नाव नसेल तर डोळ्यांसमोर असलेली फाइलही त्याला दिसत नाही. ‘केपीएसई-विच’ ही आज्ञा फाइलीचे नाव देऊन चालवली की यंत्र नेमकी कोठली प्रत उचलणार आहे तो पत्ता छापते. उत्तर कोरे आले तर फाइल खरोखर सापडत नाही, आणि भलताच पत्ता आला तर जुनी प्रत वाटेत आडवी आलेली आहे. ही एकच आज्ञा या साऱ्या व्यवहारातले सर्वांत उपयुक्त हत्यार म्हणावे लागेल.

ओव्हरलीफ या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या एडिटरने यांतल्या पुष्कळ कटकटी संपवल्या, कारण तेथे जवळजवळ संपूर्ण टेक लाइव्ह आधीच बसवलेले असते. तरीही तेथे न सापडण्याची दोन कारणे उरतात. ओव्हरलीफचे सर्व्हर लिनक्सवर चालतात, आणि लिनक्स अक्षरांचे लहानमोठेपण पाळते. विंडोजवर पॅकेजचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत लिहिले तरी चालून जाते, तेच ओव्हरलीफवर फाइल सापडत नाही म्हणून परत येते. दुसरे कारण विद्यापीठाच्या किंवा संस्थेच्या साच्याची सीएलएस फाइल, जी लेखकाच्या लॅपटॉपवर होती आणि वर चढवायची राहून गेली.

मराठी मजकूर आला की हा विषय एका वेगळ्या वळणावर जातो. देवनागरीसाठी टेकमध्ये पूर्वी नेदरलँड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठाच्या फ्रान्स वेल्थुइस यांनी केलेली व्यवस्था होती, ज्यात रोमन अक्षरांत लिहून ते आधी एका वेगळ्या प्रोग्राममधून काढावे लागे. आता जोनाथन क्यू यांच्या झीटेकमुळे आणि त्यानंतर आलेल्या लुआटेकमुळे युनिकोड मराठी थेट लिहिता येते. मात्र त्यासाठी कंपाइल करताना पीडीएफलाटेकऐवजी झीलाटेक किंवा लुआलाटेक निवडावे लागते. एडिटर मुळात पीडीएफलाटेकवर लावलेला असतो, लेखक ‘फाँटस्पेक’ हे फॉन्ट हाताळणारे पॅकेज मागतो आणि यंत्र चूक दाखवून थांबते. संदेश नीट वाचला तर त्यात पॅकेज गैरहजर असल्याचे म्हटलेलेच नसते, यंत्र बदला असे सांगितलेले असते. तरीही फाँटस्पेक बसत नाही म्हणून ते पुन्हापुन्हा बसवले जाते. लेखनाच्या पहिल्याच ओळीत टक्क्याच्या चिन्हापुढे कोणता प्रोग्राम वापरायचा ते लिहून ठेवले की टेकस्टुडिओ आणि टेकवर्क्स दोघेही ते पाळतात, आणि फाइल कोणाच्याही संगणकावर गेली तरी हा घोळ होत नाही.

त्यापुढची पायरी फॉन्टची. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने तयार केलेला ‘शोभिका’ आणि एक टाइप या मुंबईच्या गटाचा ‘मुक्त’ हे दोन्ही फॉन्ट सीटॅनवर आहेत व टेक लाइव्हमध्ये येतात. पण वितरणात फॉन्ट असणे आणि झीलाटेकला तो नावाने सापडणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. झीलाटेक नावाने शोधताना संगणकाच्या मुख्य फॉन्ट-यादीत पाहते, आणि टेक लाइव्हचे फोल्डर त्या यादीत जोडलेले नसेल तर फॉन्ट सापडत नाही, असे सांगते. नावाऐवजी फाइलीचे पूर्ण नाव शेपटासह दिले की तेच काम चालते. सीटॅनवर ‘मराठी’ याच नावाचे पॅकेजही आता आहे, जे फॉन्टपासून पुढची मराठीसाठीची जुळवाजुळव एकाच ओळीत करून देते. जुन्या वर्षीच्या टेक लाइव्हवर ते सापडणार नाही, हे ओघानेच आले. श्रीलिपीत टंकित झालेला मजकूर लाटेकमध्ये चिकटवल्यावर दिसणारी निरर्थक अक्षरे हा पॅकेजचा दोष नव्हे. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, आणि जोडाक्षरे एकेक करून तपासावी लागतात, त्याला दुसरा उपाय नाही.

एवढे सगळे तपासल्यावरही एक मुद्दा उरतो, आणि तो तांत्रिक कमी, सवयीचा अधिक आहे. विद्यार्थ्यांचे प्रिअँबल क्वचितच स्वतःचे असते. ते आधीच्या तुकडीतल्या कोणाकडून आलेले असते, त्याने ते त्याच्या आधीच्याकडून घेतलेले असते, आणि प्रत्येकाने आपल्या गरजेची दोनचार पॅकेजे त्यात घातलेली, पण काढलेले मात्र कोणी काहीच नाही. परिणामी रासायनिक सूत्रांचे पॅकेज संगणक अभियांत्रिकीच्या अहवालात आणि संगीताच्या स्वरलिपीचे पॅकेज मृद्‌विज्ञानाच्या प्रबंधात आढळते. अशा चाळीस पॅकेजांपैकी एखादे जुने झालेले, वितरणातून गेलेले किंवा दुसऱ्याशी भांडणारे निघाले की सगळे काम अडते, आणि अडवणाऱ्या पॅकेजचा त्या प्रबंधाशी काडीचाही संबंध नसतो. टक्क्याच्या चिन्हाचा उपाय बरोबर ठरतो तो येथे. प्रिअँबलमधली प्रत्येक ओळ कशासाठी आहे हे लेखकाला सांगता आले पाहिजे. जी सांगता येत नाही ती बंद करून कंपाइल करून पाहावी, आणि काही बिघडले नाही तर कायमची काढावी. हे काम प्रबंध सुरू करताना केले तर सोपे असते, शेवटच्या आठवड्यात कोणी हात लावायला धजत नाही.

शिकण्याची साधने आता मराठीत आहेत. मुंबईच्याच भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लाटेकचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ भारतीय भाषांत दिलेले आहेत, आणि ते उतरवून घेऊन जाळ्याविना पाहता येतात. ते पाठ लिहिणे शिकवतात. अडलेले सोडवणे मात्र लॉग वाचूनच येते.

प्रबंध दुसऱ्याच्या हाती सोपवणाऱ्यांना, मग तो दुकानदार असो, मार्गदर्शक असो वा मित्र, एवढीच विनंती करावीशी वाटते की नुसती लेखनाची फाइल देऊ नये. प्रिअँबलच्या आधी ‘लिस्टफाइल्स’ ही आज्ञा लिहून एकदा यशस्वी कंपाइल करावे, म्हणजे वापरलेल्या प्रत्येक फाइलीचे नाव आणि तिची आवृत्ती लॉगच्या अखेरीस छापली जाते. ती लॉग फाइल, चित्रांचे फोल्डर, साच्याची सीएलएस फाइल आणि आपल्या वितरणाचे वर्ष यांसह सगळे एकत्र द्यावे. मोबाइलवर काढलेला पडद्याचा फोटो पाठवू नये. त्यात चुकीची शेवटची ओळ दिसते, आणि हवी असते ती पहिली.